पिशवी ठेवायला कारण लागतं का?

वडोदऱ्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४१, दांडिया बाजारात सासरचं एकत्र कुटुंब, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, एकुलती मुलगी यंदा दहावीत. दोनेक वर्षांपासून पाळी आठ-नऊ दिवस जाते, गुठळ्या पडतात. मागच्या नवरात्रात त्यांनी गरब्याला जाणंच सोडलं, "दर तासाला बाथरूम शोधत कोण फिरणार?" हिमोग्लोबिन ८.१. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन गाठी, म्हणजे फायब्रॉइड, दिसल्या. सगळ्यांत मोठी ७ सेंटीमीटरची, मागच्या भिंतीत. घरचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, पिशवी काढून मोकळ्या व्हा. दुसऱ्या एका डॉक्टरबाई म्हणाल्या, नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येईल. सासूबाईंचं म्हणणं, "आता तिचं काय काम?" नणंदेनं स्वतःची छत्तिसाव्या वर्षी काढली. ती फोनवर गुजरातीत सांगते, "कोथळी कढावी नाख, छूटी जईश." नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं. आणखी मूल यांना नको आहे, तरी पिशवी काढायला मन घेत नाही. या बारा वर्षांच्या असताना यांच्या आईची पिशवी काढली होती आणि "त्यानंतर आई पहिल्यासारखी झालीच नाही." शेवटी विचारतात: "मूल नको, तर मग ठेवायची कशाला, याला माझ्याकडे उत्तर नाही. हा माझा निव्वळ हट्ट आहे का?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सेंटीमीटर आणि हिमोग्लोबिन तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. आईबद्दलचं मात्र शेवटाला, जाता जाता आलं. त्याच्याकडे मी नंतर येते, कारण तुमची खरी गाठ तिथंच बसली असावी असं मला वाटतं.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून उभी राहिले. पिशव्या काढतानाही हातात हत्यारं दिली आणि गाठी काढून पिशव्या शिवतानाही दिली. त्यामुळे दोन्हींबद्दल मला प्रेम नाही आणि रागही नाही.

आपल्या बोलीत गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात, गुजरातीत 'कोथळी'. दोन्ही भाषांत ती सामान आणायची वस्तू. सामान आणून झालं की घडी घालून ठेवायची, फाटली की टाकून द्यायची. सासूबाईंचा "तिचं काय काम?" हा प्रश्न या शब्दातूनच येतो; त्यात दुष्टपणा नाही. त्यांच्या वेळेला रक्तस्रावानं अंथरूण धरलेल्या बायका त्यांनी पाहिल्या असतील आणि पिशवी काढल्यावर त्यातल्या काही उठून कामाला लागलेल्याही. नणंदेचा सुटकेचा श्वासही खोटा नाही. पिशवी काढली की पाळी कायमची थांबते, गाठी परत येऊ शकत नाहीत. ही हमी दुसऱ्या कुठल्याच इलाजात नाही.

तुम्ही मात्र एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकली आहे: मूल हवं असेल तरच पिशवी ठेवायचा हक्क, नाहीतर हट्ट. हे कुणी ठरवलं? शरीरातला अवयव शरीरात राहावा असं वाटण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. कारण काढणाऱ्यानं द्यायचं असतं. तुमच्या बाबतीत कारण आहेही, हिमोग्लोबिन ८.१ हे काही लहानसहान कारण नाही. म्हणून प्रश्न जरा फिरवून घेऊ या. पिशवी ठेवायची की नाही हे बाजूला ठेवा आणि हे विचारा: हा रक्तस्राव थांबवायचा कसा, आणि किती वर्षांसाठी?

किती वर्षांसाठी, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७च्या सुमारास जाते. या गाठी हार्मोनवर पोसतात. पाळी गेली की बहुतेक वेळा आक्रसतात. म्हणजे तुम्हाला पाच-सहा वर्षांची मजल मारायची आहे, कदाचित थोडी जास्त. तिशीतल्या बाईला पंधरा-वीस वर्षं काढायची असतात, तिचं गणित निराळं.

घरात कुणी 'कॅन्सर' शब्द उच्चारला असेलच. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच साधी गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना लहानमोठी असते, आणि पुष्कळजणींना पत्ताही नसतो. फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत कॅन्सर निघाला, असं शंभरांत एकीच्याही बाबतीत होत नाही. तरी चाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घेतात. तो घेतला नसेल तर ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी मागा. थायरॉइडही एकदा बघून घ्या, कित्येकदा पाळीच्या गोंधळात त्याचाही हात असतो.

आता गाठी काढण्याच्या ऑपरेशनबद्दल. त्याला मायोमेक्टॉमी म्हणतात. तुमच्या पत्रावरून वाटलं की तुम्ही ते लहान, सौम्य ऑपरेशन धरून चालला आहात: अवयव राहतो, म्हणजे कापाकापी कमी. तसं नाही. पिशवी काढताना तिला रक्त पुरवणाऱ्या शिरा आधी बांधून टाकतात. गाठी काढताना पिशवीला जिवंत ठेवायचं असतं, म्हणजे रक्तपुरवठा चालू ठेवून आत शिरायचं. रक्त कमी जावं म्हणून पिशवीच्या भिंतीत व्हॅसोप्रेसिनचं इंजेक्शन देतात, आणि गुलाबी पिशवी डोळ्यांदेखत पांढरीफटक पडते. मग चीर देऊन गाठ मोकळी करायची. भिजवलेल्या वालाची डाळिंबी सोलताना दाबली की सुळकन सालीतून बाहेर येते ना, चांगली गाठ तशीच निघते, कारण तिच्याभोवती एक पातळ आवरण असतं. निघाल्यावर ती पांढरी, रबरासारखी घट्ट, कापली तर आत दोऱ्याच्या रिळासारखी वळलेली. कठीण काम त्यानंतरचं. जी पोकळी उरते ती थराथरानं शिवून बंद करायची. सर्जन कसा आहे हे मी गाठ काढण्यावरून कधी ठरवलं नाही, टाके घालण्यावरून ठरवलं.

आमच्या थिएटरच्या कपाटात बॉनी क्लॅम्प नावाचा एक जुना, जड चिमटा पडून असे. व्हिक्टर बॉनी हे लंडनचे सर्जन. त्यांच्या स्वतःच्या पत्नीची पिशवी अशाच गाठींपायी तरुणपणी काढावी लागली, मूल झालं नाही. त्या काळात सरसकट पिशवी काढण्याची रीत असताना त्यांनी पिशवी वाचवण्याच्या ऑपरेशनला आयुष्य वाहिलं. एका बाईच्या पिशवीतून दोनशेंच्या वर गाठी काढून त्यांनी पिशवी ठेवली होती. तुमच्या तीन आहेत. तीन गाठींसाठी पिशवी ठेवणं अशक्य, असं कुणी म्हणत असेल तर "अशक्य की मी करत नाही?" असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. सगळे सर्जन सगळी ऑपरेशनं करत नाहीत, त्यात कमीपणा नाही. फक्त तसं सांगायला हवं.

पण गाठी परत येऊ शकतात. म्हणजे काढलेली उगवत नाही, नव्या येतात, किंवा डोळ्यांना न दिसलेली बारकी वाढते. चाळिशीपुढे वाढायला वेळ कमी उरतो, हा तुमचा फायदा. आणि क्वचित, फार क्वचित, ऑपरेशन चालू असताना रक्त आवरत नाही आणि जीव वाचवायला पिशवी काढावीच लागते.

म्हणूनच आता ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मकडे येऊ. थिएटरबाहेर स्ट्रेचरवर बायकांच्या हातात तो कागद आणि पेन देताना मी स्वतः कित्येकदा घाई केली आहे, याची आता खंत वाटते. त्यात "गरज पडल्यास" असे दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ आदल्या दिवशी ओपीडीत बसून विचारा. कुठली गरज? सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा एक निकाल आहे. दिल्लीतली ४४ वर्षांची बाई, रक्तस्रावाची तक्रार, दुर्बिणीनं तपासणीसाठी भूल दिलेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. न्यायालयानं सांगितलं, एका गोष्टीची संमती दुसरीला चालत नाही. जीव धोक्यात नसेल तर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि सज्ञान बाईच्या जागी आईची संमती धरता येत नाही. भरपाई अवघी २५,००० रुपयांची मिळाली, पण तत्त्व पक्कं झालं. तेव्हा सही तुमची. नवऱ्याची हॉस्पिटलवाले मागतात, ती रिवाज म्हणून. फॉर्मवर तुमच्या हातानं लिहा: जीवाला धोका असेल तरच गर्भाशय काढावं.

अंडाशयांबद्दल वेगळं विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. इथंच मी तुमच्या आईकडे येते.

तुम्ही लिहिता, आई त्यानंतर रात्री घामानं भिजून उठायची, थंडीत पंखा लावायची, चिडायची, एकटी बसून रडायची, आणि पन्नाशीतच मनगट मोडलं. ताई, ही लक्षणं नुसती पिशवी काढल्याची वाटत नाहीत. हे अंडाशय गेल्याचं चित्र आहे. त्या काळी पिशवीबरोबर अंडाशयही काढायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती, "पुढे कटकट नको" म्हणून. अंडाशय गेले की पाळी जाण्याचं सगळं वादळ एका रात्रीत अंगावर येतं आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. पाळी जायच्या वयाच्या आधी ते काढले तर हृदयालाही त्रास होऊ शकतो. अंडाशय ठेवून फक्त पिशवी काढली तर असं कोसळणं होत नाही. अंडाशयांचं काम थांबण्याचं वय सरासरीनं थोडं अलीकडे येतं, एवढंच. माहेरच्या ट्रंकेत आईचं जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर काढा. त्यावर 'बीएसओ' ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशय आणि नळ्या काढल्या होत्या.

हे मी तुम्हाला पिशवी काढायला तयार करण्यासाठी सांगत नाही. तुमची भीती नेमकी कशाची हे कळलं, की निवड मोकळ्या मनानं होईल. कदाचित आईचा कागद बघून वाटेल, अंडाशय ठेवून पिशवी गेली तर चालेल. कदाचित तरीही ठेवावीशीच वाटेल. दोन्ही ठीक.

आणि या दोनच वाटा आहेत असं समजू नका. दोन डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं सांगितली म्हणून तुम्ही ऑपरेशनांतच निवड करायला बसलात. एम्बोलायझेशन नावाची एक पद्धत १९९५पासून माहीत आहे: मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठींना जाणारं रक्त बंद करतात. पोटावर चीर नाही, पिशवी राहते, गाठी निम्म्याच्या आसपास आक्रसतात, रक्तस्राव बहुतेकींचा कमी होतो. पहिले एक-दोन दिवस दुखतं चांगलंच, आणि काहींना पुढे दुसरा इलाज लागतोच. ज्यांना मूल हवंय त्यांना सहसा हे आधी सुचवत नाहीत. तुम्हाला नकोय, म्हणून तुमच्यासाठी विचारण्यासारखं आहे. हे स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. म्हणूनच बऱ्याचदा त्याचं नाव ओपीडीत निघत नाही. पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू येते, तीही रक्तस्राव फार छान आवरते. पण गाठीनं आतली पोकळी वाकडी केली असेल तर ती टिकत नाही, पडून जाते. तुमच्या गाठीचा आतल्या पोकळीशी किती संबंध आहे ते सोनोग्राफीच्या कागदावर नीट लिहिलेलं नाही. एमआरआय करून घ्या. गाठींना जागेप्रमाणे ० ते ८ असे नंबर देतात. ० ते २ म्हणजे पोकळीत शिरलेल्या. तुमच्या तिन्ही गाठींचे नंबर विचारा, अर्धं उत्तर त्यातच असतं. गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली छोटी गाठ पोटाला न कापता खालून दुर्बिणीनं निघते आणि बाई दोन-तीन दिवसांत घरात वावरते. ७ सेंटीमीटरच्या भिंतीतल्या गाठीला पोटातून दुर्बीण किंवा उघडं ऑपरेशन; पहिल्यात दोन-तीन आठवडे, दुसऱ्यात चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. दुर्बिणीनं करणार असतील तर एवढी मोठी गाठ छोट्या भोकातून बाहेर कशी काढणार, हेही विचारा. पोटात तिचे तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१४मध्ये सावधगिरीचा इशारा दिला: चुकून कॅन्सरची निघाली तर पसरते. गाठ बंद थैलीत घालून मगच तुकडे करतात ना, एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की बाई वाचून आली आहे.

आज, या आठवड्यात करायचं काम मात्र वेगळंच आहे. ८.१वर कुठलंही ठरवून केलेलं ऑपरेशन करायचं नाही. आधी लोह घेऊन अंगातलं रक्त भरून काढा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. तुम्ही बडोद्याच्या, तुमच्या घरी दिवसाला किती वेळा आधण चढतं ते मला माहीत आहे. गोळी आणि चहा यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, बरोबर लिंबू चालेल. गोळी पोटाला झेपत नसेल तर शिरेतून लोह देतात, दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर तो आधी सांगायचा. गाठ मोठी आणि रक्त फार कमी असेल तर पाळी तात्पुरती बंद करणारी इंजेक्शनं दोन-तीन महिने देतात. गाठ थोडी लहान होते, अंगात रक्त चढतं.

यात तुमच्या मुलीच्या बोर्डाचाही प्रश्न सुटतो. परीक्षा मार्चमध्ये संपेल. तोवर रक्त भरून निघालं आणि स्राव आटोक्यात राहिला तर एप्रिलमध्ये, तिच्या सुट्टीत, काय ते करा. पण तासाला एक पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, जिना चढताना धाप लागली, तर बोर्ड बाजूला. त्या दिवशी हॉस्पिटल.

पैशांचं पत्रात काही नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते. गुजरातमध्ये पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर आपलं हॉस्पिटल आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे काउंटरवर आधी विचारा. सयाजी हॉस्पिटल सरकारी आहेच. खासगी विमा नवा असेल तर फायब्रॉइड आणि गर्भाशयाच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबायची अट असते. ती वाचल्याशिवाय ॲडमिट होऊ नका.

अशाच दुखण्याची आणखी काही पत्रं टेबलावर आहेत, त्यांना इथंच दोन ओळी. ज्यांना काही त्रास नाही, सोनोग्राफीत सहज गाठ सापडली, त्यांनी घाबरून काही काढू नये. ठरलेल्या वेळी तपासणी पुरे. ज्यांना पुढे मूल हवंय त्यांनी मायोमेक्टॉमीनंतर किती महिने थांबायचं आणि बाळंतपण सिझेरियननंच करायचं का, हे ऑपरेशन करणाऱ्यालाच विचारून कागदावर लिहून घ्यावं, कारण टाका किती खोल गेला ते त्यालाच माहीत. पाळी गेल्यावर गाठ वाढत असेल तर ती लगेच दाखवायची, ते वाट बघण्याचं प्रकरण नव्हे.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची २०१९ची बातमी तुम्ही वाचली असेल. पाळीत खाडा पडतो, मजुरी बुडते, म्हणून विशी-तिशीतच ऑपरेशनं. अशी अनावश्यक ऑपरेशनं रोखायला २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. तुमची गोष्ट तशी नाही. तुमचे डॉक्टर लुबाडायला बसलेत असं मला पत्रावरून अजिबात वाटत नाही, ते सर्वांत खात्रीचा उपाय सांगताहेत. त्यांच्याशी भांडू नका. "दुसरं मत घेते आणि मग येते" म्हणून रिपोर्टची झेरॉक्स मागा. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

सासूबाईंना लांबलचक उत्तर देऊ नका. त्यांना म्हणा, "आई, आधी रक्त भरू दे, मग बघू." यावर कुणीच वाद घालू शकत नाही, आणि खरंही तेच आहे. आणि नवऱ्याचं "तू म्हणशील तसं" तुम्हाला टोचतंय, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी वाचता येतं. त्यांना वाटत असेल आपण मोकळीक देतोय. तुम्हाला वाटतंय आपण एकट्या पडलोय. त्यांना मत मागू नका, काम द्या: पुढच्या भेटीला बरोबर चला, मी विचारेन, तुम्ही वहीत लिहून घ्या. गाठींचे नंबर, पोकळी, अंडाशय ठेवणार का, गाठ बाहेर कशी काढणार, "गरज पडल्यास" म्हणजे काय, आणि या डॉक्टरांनी मायोमेक्टॉमी वर्षाला किती केल्या. शेवटचा प्रश्न विचारायला बायकांना संकोच वाटतो. तो नवऱ्याला विचारायला सांगा.

आईच्या कार्डावर काय निघालं ते मात्र मला कळवा.